सातपुड्याच्या पायथ्याशी बर्फाचं पातं

आमच्या मळ्यातून रावेरला जायला एकच रस्ता आहे आणि त्या रस्त्याला एक नाला आडवा येतो. नाल्यावर पूल नाही, फरशी आहे. फरशी म्हणजे नाल्याच्या तळापासून थोडा उंच टाकलेला काँक्रीटचा सपाट पट्टा, कठडा वगैरे काही नाही. आठ महिने त्याच्यावरून केळीचे ट्रकसुद्धा जातात. पावसाळ्यात वर सातपुड्यात जोराचा पाऊस झाला की तासाभरात फरशीवरून लाल पाणी वाहायला लागतं. पाणी जसं येतं तसं उतरतंही. त्रास पाण्याचा नाही, पाणी मागे सोडून जातं त्या गाळाचा. गुडघाभर, कधी त्याहून जास्त. त्यात दगडगोटे, झाडांची मुळं, वाहून आलेली केळीची खोडं. मोटारसायकल जात नाही, गाडी जात नाही, माणूस चालला तर चप्पल आतच राहते.

लग्न होऊन या मळ्यात आले तेव्हापासून मी हा गाळ पाहत होते. माझं माहेर धुळ्याकडचं. इथे आल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, एकोणतीस वर्षं गणित शिकवलं. शाळेत जाताना कितीदा तरी साडी खोचून, चपला हातात घेऊन मी ती फरशी ओलांडली. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. पाय धुतले की झालं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जळगावला जाणं सुरू झालं. मुलगी पुण्याहून म्हणाली, जळगावला खोली घेऊन राहा. आम्ही राहिलो, दीड महिना. हे सकाळी उठून गॅलरीत बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, "मशिनवरून उतरल्यावर अंगात दोन दिवस जीव असतो. ते दोन दिवस मले या भिंतीपुढे नाही घालवायचे." आम्ही सामान आवरलं आणि मळ्यात परत आलो.

त्याच वर्षीच्या श्रावणात, एका गुरुवारी दुपारी डोंगरात मोठा पाऊस झाला. शुक्रवारी सकाळी जळगावला नेणारी भाड्याची गाडी पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली आणि आम्ही अलीकडे. मी आणि शेजारच्या मळ्यातले दोघे, असं तिघांनी यांना धरून गाळातून न्यायचा प्रयत्न केला. दहा पावलांवर यांचा पाय अडकला आणि ते आडवे पडले. सहा फूट उंचीचा माणूस, तोंडावर चिखल, उठता येत नाही. आम्ही परत फिरलो. रावेरला जेसीबीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, चार गावांतून बोलावणी आहेत, उद्या संध्याकाळी येतो. शुक्रवारची पाळी गेली. शनिवारी दुपारपासून यांना धाप लागली, आडवं झोपता येईना, उशांना टेकून बसून राहिले. जेसीबीने रस्ता काढल्यावर रविवारी जळगावला पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असा उशीर चालणार नाही."

परत येताना गाडी नाल्याजवळ आली तेव्हा यांनी फरशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात मी असेन, नसेन. पण असं चिखलातून मले कोणी ओढून न्यायचं नाही. त्यापेक्षा नाही जायचं."

ते वाक्य मला पचलं नाही. पुलासाठी अर्ज केला. पूल मंजूर होता म्हणे, कधी होणार ते कोणालाच माहीत नव्हतं. मी ठरवलं की पुढच्या पावसाळ्याआधी आपणच काहीतरी करायचं. काय करायचं, ते मात्र डोक्यात नव्हतं.

ते पुतण्याने आणलं, आणि तेही न सांगता. आमचा पुतण्या केळीचा ट्रक चालवतो. रावेरहून माल भरून जम्मूला, कधी श्रीनगरलाही जातो. दिवाळीनंतर एकदा परतीच्या भाड्यात त्याला भंगार मिळालं. त्या भंगारात एक मोठं पिवळं पातं होतं. आठ फूट रुंद, आतल्या बाजूला वळलेलं, मागे त्रिकोणी चौकट आणि दोन जाड स्प्रिंगा. पत्रा चांगला आहे म्हणून त्याने ते भंगारवाल्याकडून स्वतःसाठी मागून घेतलं आणि आमच्या खळ्यात आणून उतरवलं.

"काकू, ओळखा काय आहे."

मला ओळखता येईना. यांनी खाटेवरूनच विचारलं, "जमीन सपाट करायचं दिसतं?"

"बर्फ ढकलायचं," पुतण्या म्हणाला. "तिकडे ट्रकच्या पुढे लावतात. रस्त्यावर बर्फ पडला की हे लावून बाजूले सारतात. मागे अडकलेल्या गाड्या एकेक करून मोकळ्या होतात."

खळ्यात जमलेले सगळे हसले. रावेरात, जिथे मे महिन्यात केळीची पानं उन्हाने करपतात, तिथे बर्फ ढकलायचं यंत्र आलं होतं. शेजारचे आबा म्हणाले, "ठेव जपून, पडला बर्फ तर कामी येईन." पुतण्याने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. एक ट्रक पुढचं पातं तिरपं करून चालला आहे आणि बर्फ कडेला लोटला जातो आहे. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मला त्या पांढऱ्याच्या जागी आमचा लाल गाळ दिसत होता.

आमच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर होता. शेणखत भरायला यांनी तो आजारी पडायच्या आधी बसवून घेतला होता. दोन लोखंडी हात, त्यांच्या टोकाला बकेट. मी विचारलं, "बकेट काढून तिथे हे लावता येईल?"

हे म्हणाले, "तुले गणित येते. लोखंड येत नाही."

"मग लोखंडाचं तुम्ही सांगा," मी म्हणाले.

त्या आजारात त्यांना कोणी काही विचारेनासं झालं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाणी किती प्यायलं, गोळ्या घेतल्या का, एवढंच सगळे विचारायचे. त्यांनी उशी पाठीमागे घेतली आणि म्हणाले, "आधी नानांले विचार."

नाना म्हणजे रावेरच्या रस्त्यावरचे वेल्डर. साठी उलटलेले, डोळ्यांवर जाड चष्मा, पण तालुक्यातल्या अर्ध्या ट्रॉल्या त्यांच्या हातच्या. पुतण्याने पातं ट्रॉलीत टाकून त्यांच्या दुकानासमोर नेलं. नानांनी ते चारही बाजूंनी पाहिलं, बोटाने ठोकलं आणि मान हलवली.

"बाई, लोडर उचलाले असते, ढकलाले नाही. याचे हात पातळ. ट्रकची चेसिस कुठे, हे कुठे. पातं एका कोपऱ्याने अडकलं की हात पिळतीन. तुमचा ट्रॅक्टर जाईन, माह्यं नाव जाईन."

मी विचारलं, "कमी घास घेतला तर? पूर्ण गाळ एकदम न ढकलता, थोडा थोडा?"

"घरी जा बाई," नाना म्हणाले. रागाने नाही, पण विषय संपवला.

मी घरी गेले. नानांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून त्याचं उत्तर शोधणं भाग होतं. आमच्याकडे केळी भरायच्या पुठ्ठ्याच्या पेट्या पडलेल्या असतात. त्या उलगडून मी खऱ्या मापाचे तुकडे कापले. बकेट ज्या चार पिनांवर बसते, दोन खाली आणि दोन वर, त्यांची मापं घेतली. मग खळ्याच्या जमिनीवर खडूने लोडरचा हात काढला, पूर्ण आकाराचा, वर असताना कसा, खाली असताना कसा. दोरी आणि खिळ्याने वर्तुळाचे तुकडे काढले. हे खाटेवरून सांगत होते, "हायड्रॉलिकचा दांडा इतका बाहेर येत नाही, कमी कर." मी पुसायचे, पुन्हा काढायचे. तीन दिवस ते चाललं होतं. चौथ्या दिवशी मी पुठ्ठ्याची चौकट घेऊन बसने रावेरला गेले आणि नानांच्या टेबलावर ठेवली.

"नाना, जोर हातांच्या टोकावर येऊ द्यायचा नाही. मध्ये एक जाड प्लेट घालू. प्लेटला मागे बकेटसारखे चार कान, पिना अडकवायला. पुढे, शक्य तितकं खाली, पात्याची चौकट. आणि दोन्ही हातांना जोडणारा एक आडवा लोखंडी चॅनेल, म्हणजे एक हात एकटा पिळणार नाही."

नानांनी चष्मा काढून डोळे पुठ्ठ्याजवळ नेले. वर-खाली करून पाहिलं. मग म्हणाले, "हे तुम्ही काढलं?"

"मी काढलं. दुरुस्त यांनी केलं."

"चॅनेल पाच इंची लागेन," नाना म्हणाले. एवढंच. मी समजले.

पहिल्या वेळी चूक माझी झाली. मला वाटलं, पातं जितकं घट्ट तितकं चांगलं. नानांनी विचारलं होतं, ह्या चौकटीच्या टोकाला दोन लोखंडी कड्या कशासाठी आहेत? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या, चौकट प्लेटला पक्की जोडून टाका. त्यांनी जोडली. खळ्यात चाचणी घेतली. ट्रॅक्टर आमचा नेहमीचा ड्रायव्हर चालवत होता. पातं खाली टेकलं, ट्रॅक्टर पुढे गेला, आणि जमिनीत थोडा उंचवटा आला तसं पातं त्यात घुसलं. ट्रॅक्टरची पुढची चाकं वर उचलली गेली. फाटकन आवाज आला. वेल्डिंग एका बाजूने उघडलं होतं आणि खालची एक पिन वाकली होती.

माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली, "आते काय करवो?"

हे खाटेवर हसायला लागले. आजारानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं झाली रावेरात," ते म्हणाले, "पण काही बिघडलं की तुह्यी गाडी सरळ धुळ्याले."

मला मात्र हसू येत नव्हतं. नाना उद्या काय म्हणतील, हे कळत होतं. मी पुतण्याला फोन लावला. तो तेव्हा पंजाबात कुठेतरी होता. त्याला म्हटलं, "तिकडे पात्याला कड्या कशासाठी असतात, ते विचारून सांग." संध्याकाळी त्याचा फोन आला. "काकू, साखळी. पातं साखळीवर लटकवतात. उचलताना साखळी ताणते. खाली सोडलं की साखळी ढिली, पातं आपल्या वजनाने रस्त्यावर घसरत जाते. रस्ता वर तर पातं वर, रस्ता खाली तर पातं खाली."

मी फोन ठेवला आणि पुन्हा माहेरच्याच बोलीत यांना म्हणाले, "इलाज शे." म्हणजे, उपाय आहे.

दुसऱ्या दिवशी नानांनी उघडलेलं वेल्डिंग पाहिलं, आणि मी साखळीचं सांगितलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. "कड्या आपल्याले सांगत होत्या बाई, आपण ऐकलं नाही." त्यांनी चौकट कापून सुटी केली, प्लेटला खाली दोन जाड कान लावले, त्यात चौकट पिनांवर बसवली, म्हणजे ती दाराच्या बिजागरीसारखी वर-खाली हलेल. प्लेटच्या वरच्या टोकापासून कड्यांपर्यंत साखळी. यावेळी पातं उंचवट्यावरून अलगद वर चढलं आणि खाली उतरलं. यांनी खाटेवरून फक्त हात वर केला.

पण बर्फ वेगळा आणि गाळ वेगळा. विहिरीजवळ एक खड्डा करून आम्ही त्यात माती आणि पाणी कालवलं. पात्यामागच्या त्या दोन स्प्रिंगा अशासाठी असतात की दगडाला धडकलं तर पात्याने पुढे वाकावं आणि दगडावरून निघून जावं, नाहीतर काहीतरी मोडतं. हलक्या बर्फाला त्या बरोबर होत्या. आमच्या चिखलात पातं दर दोन हातांवर वाकायचं आणि सगळा गाळ खालून मागे राहायचा. नानांनी स्प्रिंगांचे बोल्ट आवळले. पुन्हा पाहिलं. पुन्हा आवळले. किती आवळायचे याला हिशेब नव्हता. शेवटी आम्ही खड्ड्यात एक मोठा दगड पुरला आणि ठरवलं, चिखलाला वाकायचं नाही, दगडाला वाकायचं, असं होईपर्यंत करत राहायचं. संध्याकाळपर्यंत ते जमलं.

दुसरी अडचण गाळ चिकटायची. बर्फ पात्यावरून घरंगळतो. आमची माती पात्याला अशी बसायची की थोड्या वेळात पातं म्हणजे चिखलाची भिंत व्हायची. जळकं ऑइल लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. त्यावर तोड यांनी काढली. आमच्या जुन्या पाइपलाइनचे मोठे काळे प्लास्टिकचे पाइप विहिरीमागे पडून होते. ते म्हणाले, "तो पाइप उभा चीर. त्याले आपसूक गोलाई आहे. पात्यावर आतून बसवून बोल्ट मार." आम्ही तसे तीन तुकडे शेजारी शेजारी बसवले. गाळ त्याच्यावरून घसरायला लागला. त्या दिवशी यांनी दोन घास जास्त खाल्ले.

पात्याचं वजन पुढे आल्याने ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी व्हायची, घसरायची. त्यासाठी जुन्या ड्रममध्ये काँक्रीट भरून तो मागे अडकवला. हे सगळं होईपर्यंत एप्रिल संपला होता.

मग मोठा प्रश्न राहिला. आमचा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर नाल्यापलीकडच्या गावात राहतो. ज्या दिवशी नाल्याला गाळ येईल, त्या दिवशी तोही पलीकडेच अडकणार. यांच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी शीर जोडलेली, त्या हाताने जोर लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पुतण्या सदा ट्रकवर आणि शेजारच्या मळ्यातल्या दोघांना ट्रॅक्टर येत नव्हता, म्हणजे अलीकडच्या काठावर तो चालवणारं कोणीच नव्हतं.

"मी शिकते," मी म्हणाले.

"अठ्ठावन्न वर्षांची बाई ट्रॅक्टर शिकणार?" आबांनी विचारलं.

"साठाव्या वर्षी शिकण्यापेक्षा बरं," मी म्हणाले.

मे महिन्यात सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, मी शिकत होते. आधी क्लच सोडताना ट्रॅक्टर उडी मारून बंद पडायचा. एकदा कडब्याच्या गंजीत घातला. एकदा लोडरचा दांडा उलटा ओढला आणि पातं धाडकन जमिनीवर आपटलं. हे खुर्ची टाकून बांधावर बसायचे आणि ओरडायचे, "घाई नको! आधी बघ, मग ओढ!" शाळेत मी पोरांना हेच सांगायचे. महिनाभराने मी पातं तिरपं करून खळ्यातली माती एका कडेला लोटू लागले. फरशीच्या दोन्ही कडांना मी आणि एका गवंड्याने लोखंडी पाइप रोवून त्यांना लाल रंग दिला. गाळाखाली फरशीची कड दिसत नाही आणि तिथून चाक घसरलं तर ट्रॅक्टर नाल्यात उलटतो, हे मला रोज आठवायचं.

जुलैत एका सोमवारी दुपारी डोंगर काळा झाला आणि नाला भरून आला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी सहाला मी बांधावरून पाहिलं. पाणी उतरलं होतं. फरशीवर मांडीपर्यंत गाळ होता आणि लाल पाइपांची टोकं तेवढी वर दिसत होती. पलीकडच्या काठावर आमची गाडी येऊन उभी राहिली.

मी साडी बदलली, यांची जुनी पँट आणि सदरा घातला. शेजारच्या मळ्यातली दोन माणसं आली. यांनी खुर्ची काठावर आणायला लावली आणि हातात लाल गमछा घेतला. डावीकडे हलवला तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे, वर धरला तर थांब, असं ठरलं.

मी ट्रॅक्टर गाळात घातला. पातं खाली सोडलं, अर्धाच घास घेतला, तिरप्या पात्यावरून गाळ उजवीकडे सरकला आणि कडेवरून नाल्यात पडला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दोन हात, तीन हात रस्ता उघडा पडला, खालचं काँक्रीट दिसलं. मी आणखी एक घास घेतला.

फरशीच्या मध्यावर असताना पात्याला काहीतरी लागलं. धाड असा आवाज झाला, ट्रॅक्टर हादरला. मला वाटलं, झालं, मोडलं. गमछा वर गेला होता. मी थांबले, पातं उचललं. स्प्रिंगा ताणून पातं परत आपल्या जागी आलं होतं. खाली एक दगड होता, केवढा तरी. त्या दोघांनी पहारीने तो हलवला, लोटला, आणि मी पुढे निघाले. शेवटच्या दहा हातांत पलीकडून आमच्या गाडीचा ड्रायव्हर पँट वर करून फावड्याने गाळ ओढत माझ्याकडे येत होता.

दोन तास लागले. गाडी अलीकडे आली. हे उठले, कोणाचा हात न धरता सहा पावलं चालत गेले आणि गाडीत बसले. मी तशीच, चिखलाच्या कपड्यांत, त्यांच्या शेजारी बसले. जळगावला डायलिसिस सेंटरच्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अक्का, हे काय?" हे म्हणाले, "आमची बाई रस्ता घेऊनच आली." आमची पाळी उलटून गेली होती, पण सेंटरवाल्यांनी दुपारच्या पाळीत मशिन दिलं. मशिन सुरू झाल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसले आणि सदऱ्यावर वाळलेला चिखल नखाने काढत राहिले.

त्या पावसाळ्यात पाच वेळा गाळ आला. पाचही वेळा रस्ता निघाला. एकही पाळी चुकली नाही.

त्यातली एक वेळ सांगायची राहिली. आमच्या दुसऱ्या बाजूच्या मळ्याशी आमचं बोलणं नव्हतं. बांधावरून भांडण झालेलं, कोर्टापर्यंत गेलेलं. भाद्रपदात त्या घरची म्हातारी गेली. स्मशान नाल्यापलीकडे, आणि आदल्या दिवशीच गाळ आलेला. आमची डायलिसिसची पाळी नव्हती, म्हणून मी फरशी मोकळी केली नव्हती. सकाळी आमच्या फाटकाशी त्यांचा थोरला मुलगा येऊन उभा राहिला. आत आला नाही, हाक मारली नाही, नुसता उभा. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी त्या माणसाचं तोंड किती वर्षं टाळलं होतं ते मला माहीत होतं. हे म्हणाले, "बघतेस काय? पातं जोड."

तिरडी यायच्या आत मी फरशी मोकळी केली. लोक माझ्या बाजूने निघून गेले. त्या मुलाने जाताना एकदा हात जोडले. बोलणं त्यानंतरही फारसं सुरू झालं नाही. पण पुढच्या वेळी मी गाळात ट्रॅक्टर घातला, तेव्हा तो पहार घेऊन आधीच फरशीवर उभा होता, दगड काढायला. तेव्हापासून दरवेळी असतो.

याला आता तिसरा पावसाळा लागेल. हे आहेत. थकले आहेत, खुर्चीऐवजी खाटेवर काठाशी झोपून गमछा हलवतात, आणि मी चुकले तर आवाज तेवढाच मोठा निघतो. मागच्या वर्षी शेजारच्या मळ्यातल्या दोन सुनांना मी ट्रॅक्टर शिकवला, कारण माझ्या एकटीच्या भरवशावर हे सोडणं बरोबर नाही. त्यातली एक माझ्यापेक्षा चांगली चालवते, स्प्रिंगांचा आवाज ऐकून दगड कुठे आहे ते सांगते. पुलाचं काम नुकतंच सुरू झालंय, दोन खांब उभे आहेत. या पावसाळ्यात तो होणार नाही, हे कोणीही सांगेल.

परवा पात्याची खालची पट्टी झिजलेली दिसली, म्हणून नानांकडे नेलं. नाना आता स्वतः कमी काम करतात, पण ही पट्टी त्यांनी दुसऱ्या कोणाला लावू दिली नाही. मी विचारलं, किती दिवस टिकेल? ते म्हणाले, "तुम्ही किती दिवस चालवता त्याच्यावर आहे, बाई." आम्ही पातं ट्रॅक्टरला जोडलं आणि मी ट्रॅक्टर चालवत मळ्यात आणला.